खालच्या तोंडाचा मासा

संकेश्वर मागं पडलं की आई गाडीच्या काचा खाली करायला लावते. एरवी धूळ, धूर, वारा, सगळ्याचं तिला वावडं; पण फेब्रुवारीत या रस्त्यावर तिला मध्ये काच नको असते. निपाणी अजून अर्ध्या तासावर असते आणि तरी वाऱ्याबरोबर तो वास यायला लागतो. शिवारात कापून पसरलेल्या, उन्हात वाळणाऱ्या तंबाखूचा. थोडा गोडसर, थोडा नाकात चढणारा. मला लगेच शिंका सुरू होतात. आईला एकही येत नाही. बत्तीस वर्षं वखारीत काढलेल्या नाकाला उघड्या शिवारातला तंबाखू म्हणजे काहीच नाही.

या वर्षी मात्र तिचं लक्ष वासाकडं कमी आणि पाट्यांकडं जास्त होतं. पंक्चरचं दुकान, खानावळ, खताची जाहिरात, कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक आणि त्यावरचे सोळा चेहरे, काही म्हणून ती सोडत नव्हती. पुढं उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या डुलवत चालला होता.

"पाठीमागं काय लिवलंय सांगू?" आई म्हणाली.

"सांग."

"आईची कृपा. आनि खाली फोन नंबर हाय. त्यो बी सांगू?"

ट्रॅक्टर चांगला लांब होता. मला स्वतःला 'आईची' एवढंच कसंबसं लागत होतं. मी गाडीचा वेग कमी केला. मागून कुणीतरी हॉर्न वाजवून वाजवून मला शिव्या घातल्या असतील, घालू देत. मला तो नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत ऐकायचा होता.

मागच्या वर्षी याच दिवसांत माझी खात्री झाली होती, की माझी आई मला हळूहळू विसरणार आहे.

ते दिवस आठवायचे तर आधी आमच्या घरातल्या समुद्राबद्दल सांगावं लागेल. बेळगावात, अनगोळच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, हॉलच्या भिंतीला लागून चार फूट लांबीचा समुद्र आहे. काचेचा टँक, त्यात खारं पाणी, खडक, खडकांवर डुलणारे जिवंत प्रवाळ आणि नऊ मासे. खरा समुद्र इथून घाट उतरला की गोव्यात आहे, आणि नवऱ्याच्या मते तो फुकट आहे. पण मी रसायनशास्त्र शिकवते. मीठ मोजून पाण्यात कालवायचं, खारटपणा तपासायचा, कॅल्शियमची नोंद ठेवायची, हे सगळं मला मनापासून आवडतं. माणसं गुडघे दुखायला लागले की बागकाम सोडतात. मी गुडघे दुखत असताना बादल्या उचलायला लागले.

या छंदात शिरल्यावर पहिली गोष्ट कळते ती अशी, की समुद्रात सारखी दिसणारी माणसं फार आहेत. माणसं म्हणजे मासे. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला, पोरांचा लाडका क्लाउनफिश घ्या. तो एक नाही, दोन जातींचा असतो. एकाच्या पट्ट्यांना जाड काळी किनार, दुसऱ्याच्या किनारीची नुसती रेघ. आणि एवढ्यानं भागलं नाही तर पाठीवरच्या पंखाचे काटे मोजायचे, एकाला दहा, दुसऱ्याला अकरा. मी मोजले आहेत. हलणाऱ्या माशाच्या पाठीवरचे काटे मोजणारी बाई घरात असली की घरच्यांना संयम शिकावा लागतो.

अर्थात ही हुशारी ठेच लागल्यावर आलेली. सुरुवातीला मी ग्रामा म्हणून एक मासा आणला होता. पुढून जांभळा, मागून पिवळा, अगदी देखणा. ग्रामा स्वभावानं गरीब, आपल्या कपारीत सुखी. हा मात्र दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या मागं लागला. इवलासा जीव, पण टँकभर दहशत. मग कळलं, की ग्रामाचा जांभळा रंग ठिपक्याठिपक्यांनी पिवळ्यात विरत जातो आणि पाठीच्या पंखावर काळा डाग असतो. माझ्या माशाला डाग नव्हता, आणि दोन रंगांच्या मध्ये शिंप्यानं दोन कापडं जोडावीत तशी सरळ रेषा होती. हा डॉटीबॅक, जातीचा भांडखोर. त्याला पकडायला मला सगळे खडक बाहेर काढावे लागले. तेव्हा मी शपथ घेतली, की नीट बघितल्याशिवाय, पुस्तकात पडताळल्याशिवाय एकही मासा घरात येणार नाही. माशांच्या बाबतीत मी सावध झाले. आईच्या बाबतीत मात्र मी एकदाच बघितलं आणि निकाल देऊन मोकळी झाले.

बाबा गेल्यावर आई निपाणीत एकटी राहायची आणि शनिवारी एसटीनं आमच्याकडं यायची. त्या जानेवारीत एका शनिवारी ती आलीच नाही. दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"वंदे, मी चिकोडीत हाय."

"चिकोडीत? काय करतीयेस तिथं?"

"काय करतोय म्हंजे? चुकून ह्या बसमधी बसलो."

आमच्याकडच्या जुन्या बायका 'बसलो, आलतो, गेलतो' असंच बोलतात, त्यात वावगं काही नव्हतं. वावगं हे होतं, की वीस वर्षं जी बाई बेळगावची गाडी धरत होती ती चिकोडीच्या गाडीत बसली. आमच्या स्टँडवरच्या बहुतेक पाट्या कन्नडमध्ये असतात. आईला कन्नड वाचता येत नाही, पण बेळगावी हे नाव ती चित्रासारखं ओळखायची, कधी चुकली नाही. कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा गाडी गावाबाहेर पडलेली. मध्येच कुठंतरी उतरून उन्हात थांबण्यापेक्षा चिकोडीच्या स्टँडवरून बेळगावची गाडी सहज मिळेल, म्हणून ती बसून राहिली. आता विचार केला तर कळतं, की हा चांगला शाबूत डोक्याचा हिशेब होता. पण तेव्हा मला एवढंच ऐकू आलं, की आई हरवली. त्याच आठवड्यात मी निपाणीच्या घराला कुलूप लावलं आणि तिला अनगोळला आणलं.

मग रोज काहीतरी नवं दिसायला लागलं. टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासवा-सुना तिला सगळ्या एकसारख्या दिसायच्या. "ही कोन आनि ती कोन, काय कळंना," असं म्हणून तिनं टीव्ही बघायचा सोडला. जिन्यात भेटलेल्या माझ्या नवऱ्याला तिनं "कोन पायजे?" असं विचारलं. आणि मग ती सकाळ आली. आई गॅलरीत उभी होती. समोरच्या घरातल्या कमलाक्का दूध घेऊन गल्लीतून येत होत्या, आणि आई वरून ओरडली, "सुशे! ए सुशे!"

सुशीलामावशी आईची वखारीतली मैत्रीण. वीसेक वर्षं दोघी मांडीला मांडी लावून बसल्या. तिला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. कॉलेजात आमच्या एका सरांच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी मेलेली माणसं परत आली, मग जिवंत माणसं गेली, शेवटी सर स्वतः. "मला अहो-जाहो करते रे," असं ते स्टाफरूममध्ये हसून सांगायचे आणि कुणीही हसायचं नाही. माझी आईही एके दिवशी मला "बाई, तुम्ही कोन?" असं विचारेल, ही भीती घेऊन मी वर्गावर जायला लागले.

डोळ्यांची शंका कुणालाच आली नाही. कशी येणार? ही बाई चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवत होती. तांदळातला खडा बोटानं नव्हे, नजरेनं टिपत होती. पाहुण्यांसमोर मी ते कौतुकानं सांगायचे, की बघा, सत्तरीला आली, पण नजर विशीतली.

म्हणून मी तिच्या डोक्याची परीक्षा घ्यायला लागले. मास्तरीणच ना मी. भाजी निवडताना सहज विचारल्यासारखं विचारायचं, आई, आज वार कुठला? शंभरातून सात गेले किती? तिनं दोन-तीन दिवस निमूटपणे उत्तरं दिली. सगळी बरोबर. चौथ्या दिवशी मेथीची जुडी परातीत आपटली.

"मला आता साळंत घालतीस व्हय गं? त्र्याण्णव. त्यातनं सात गेलं शहाऐंशी. त्यातनं गेलं एकुणऐंशी. अजून सांगू का भाजी निवडू?"

पैकीच्या पैकी गुण. पण भीतीला गुणपत्रिका वाचता येत नाही. आज बरी आहे, असं मी मनात म्हटलं आणि उद्याची वाट बघत राहिले.

दिवसभर आई टँकसमोर बसायची. काचेला नाक लावून, अगदी लहान मूल बसतं तशी. त्याचंही मला वाईटच वाटायचं. तिनं माशांना नावं ठेवली होती. पिवळी टँग, म्हणजे चपटी, हळदीच्या रंगाची, टँकमधली सगळ्यात जुनी मासळी, तिचं नाव हळदी. क्लाउनफिशची जोडी म्हणजे नवराबायको. "बायकू मोठी हाय आनि नवरा बारका, पर भांडत न्हाईत," असा तिचा अहवाल असायचा.

त्याच सुमारास मी दोन क्लीनर आणले होते. पिरनवाडीला बसूअण्णांचं माशांचं दुकान आहे. मला हवे ते मासे ते बाहेरून मागवून देतात. क्लीनर म्हणजे बोटाएवढा, निळसर पांढरा, डोक्यापासून शेपटीपर्यंत रुंद होत जाणारा काळा पट्टा असलेला मासा. त्याचं काम मोठं मजेचं. तो दुसऱ्या माशांच्या अंगावरचे बारीक किडे टिपून खातो. त्यासाठी आधी नाचून दाखवतो, शेपूट वरखाली करत. नाच बघितला की मोठमोठे मासे रांगेत येऊन पंख पसरून उभे राहतात, सलूनमध्ये मान टेकवून बसावं तसे. एक नीट पाळणंच अवघड असतं, मला दोन कशाला हवे होते देव जाणे. पण बसूअण्णांकडं एकाच खोक्यातून दोन आले होते आणि एकाला मागं ठेवणं माझ्या जिवावर आलं.

आठवड्याभरात हळदीच्या शेपटीचा तुकडा गेला. मग पाठीचा पंख कातरल्यासारखा झाला. क्लीनर जवळ आले की ती अंग चोरायला लागली. मी पाणी तपासलं, मीठ तपासलं, औषधाची पुस्तकं काढली. पंख सडायचा रोग असेल असं ठरवलं. आईनं माझी सगळी धावपळ शांतपणे बघितली आणि संध्याकाळी म्हणाली,

"ह्या दोघातला एक, त्यो न्हवं."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? दोघं येगळं हायत. एक खरा हाय, दुसऱ्यानं येश घेतलाय. त्योच चावतोय हळदीला."

मी तिच्याकडं बघितलं. नवऱ्याला ओळखत नाही, कमलाक्कांना मेलेली मैत्रीण म्हणते, आणि माशांच्या टँकमध्ये वेश पालटून कुणीतरी शिरलंय म्हणते. सरांच्या आईलाही घरात कुणीतरी चोर शिरलाय असं वाटायचं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "बरं आई, बघते हं." ज्या आवाजात म्हटलं तो आवाज आठवला की मला अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं. तिनं माझा हात झटकला. "बरं-बरं नको. बघ."

दोन दिवस मी बघितलं नाही. तिसरा दिवस रविवार. हळदी एका कोपऱ्यात खडकाला चिकटून होती आणि आई काचेला नाक लावून. मी चहा घेऊन तिच्याशेजारी फतकल मारून बसले ते केवळ तिचं मन राखायला.

"कुठं बघू?"

"तोंडाकडं बघ. सगळी रंग बघत्यात. रंगानं काय कळतंय? ह्याचं तोंड फुडं हाय, नाकाच्या शेंड्यावर. आनि त्यो बघ, त्यो मागचा. त्याचं तोंड खाली हाय, हनवटीखाली. वर नुसतं नाक."

मी चहाचा कप खाली ठेवला. पहिला मासा काचेजवळून गेला. तोंड पुढं, अगदी टोकाला. दुसरा आला. तोच निळसर रंग, तोच काळा पट्टा, तीच शेपटी नाचवायची तऱ्हा. पण तोंड खाली. वर बोथट नाक, आणि तोंड त्याच्या आत खाली दडवलेलं.

पुस्तकं काढायची गरज नव्हती, पण मी काढली. नकली क्लीनर. वेगळ्याच कुळातला मासा. क्लीनरचं रूप घेतो, त्याच्यासारखा नाचतो, आणि भाबडेपणानं पंख पसरून उभ्या राहिलेल्या माशाचा लचका तोडतो. ओळखायची खूण एकच दिली होती, आणि ती आईनं आधीच सांगितली होती. काटे मोजणारी मी, तीन आठवडे रोज दोन वेळा त्याला खायला घालत होते.

"तुला कसं कळलं गं?"

"वखारीत दुसरं काय केलं? पानं सगळी तांबडीच की. एका ढिगातली सारखीच दिसत्यात. पर ठिपका कुठं उठलाय, शीर कसली हाय, दोन पानं येका जागी ठिवून बघायची. मुकादम म्हनायचा, पान बघू नका, पानातला फरक बघा."

पाण्याच्या बाटलीचं तोंड कापून, उलटं बसवून मी पिंजरा केला आणि आत कोळंबीचा तुकडा ठेवला. आई काचेशी बसून हुकूम सोडत होती. "ह्यो न्हवं, ह्यो खरा. येऊ दे, थांब. हां, आला. त्योच. उचल!" मी बाटली उचलली. कोपरापर्यंत भिजलेला हात, फरशीवर खारं पाणी, आणि बाटलीत तो खालच्या तोंडाचा भामटा. आम्ही दोघी शाळेतल्या पोरींसारख्या ओरडलो. दुपारी मी त्याला पिरनवाडीला परत नेलं. बसूअण्णांनी पिशवी उजेडाला धरून तीन वेळा फिरवली.

"अय्यो मॅडम, हा डुप्लिकेट की हो! एवढी वर्षं धंदा करतोय, मला नाही कळलं. तुम्ही ओळखलासा?"

"मी नाही. आईनं."

"हौद्री? खरंच की काय? त्यांना आणा एकदा दुकानात. खोकं आलं की बसवू त्यांना इथं खुर्ची टाकून."

परत येताना सिग्नलला थांबले होते आणि तिथं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बोटाएवढ्या माशाचं तोंड टोकाला आहे की दोन दाणे खाली आहे हे ज्या बाईला दिसतं, दोन मासे समोर ठेवून जी फरक सांगते आणि दोन दिवस आपल्या म्हणण्यावर ठाम राहते, तिचं डोकं कुठं चाललंय? ते तर जागच्या जागी आहे. मग कमलाक्का का ओळखू येत नाहीत? कमलाक्का काचेला नाक लावून उभ्या नसतात म्हणून. त्या गल्लीच्या पलीकडं असतात. जिन्यातला नवरा लांब होता. टीव्ही लांब होता. बसची पाटी लांब होती. मागच्या गाड्या पोंपों करायला लागल्या तेव्हा सिग्नल हिरवा होऊन बराच वेळ झाला होता.

घरी आले. आई टँकशी बसली होती. हॉलच्या दुसऱ्या टोकाला भिंतीवर मोठं घड्याळ आहे.

"आई, किती वाजले?"

"असतील साडेचार."

"असतील नको. घड्याळात बघून सांग."

ती घड्याळाकडं बघत राहिली. मग पदरानं तोंड पुसलं, आणि मग डोळे.

"काटं कुठं हायत तेच दिसंना झालंय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"झालं की वरीस-दीड वरीस. लांबचं सगळं धुरात असल्यागत दिसतंय. जवळचं दिसतंय झ्याक."

"आणि सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? वखारीत नजर गेली म्हंजे बाई गेली. दुसऱ्या दिवशी ये नगं म्हनून सांगायचा मुकादम. सुशीची नजर गेलती. तिनं कुनाला सांगितलं न्हाय, मला तेवढं सांगितलं. दोन वर्सं तिच्या सुपातलं मी निवडून दिलं, माझं करून. मुकादमाला कळू दिलं न्हाय."

"अगं, पण वखार सोडून दहा वर्षं झाली तुला!"

"व्हय. पर सवय लागली ती लागली. तिचं मी निवडत हुतो. माझं कोन निवडनार, असं वाटायचं. म्हनून अंदाजानं चालवत हुतो. तुझ्या नवऱ्याला वळकताना सुदिक अंदाज चुकला माझा."

मला रडू फुटलं. हुंदके देऊन, नाक वाहेपर्यंत रडले. आई घाबरली. "डोळं माझं गेल्यात आनि तू का रडतीयास गं?" या वाक्यानं मला हसू आलं, आणि मग रडणं आणि हसणं एकमेकांत असं मिसळलं, की नवरा खोलीतून धावत बाहेर आला आणि हळदी मेली का, असं विचारायला लागला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत उजेड पाडून बघितलं आणि निदान पाच मिनिटांत केलं. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, पिकत आलेला. काही मोतीबिंदूंमध्ये असं होतं, त्या म्हणाल्या, लांबचं जातं आणि जवळचं उलट सुधारल्यासारखं वाटतं. चष्मा सुटतो, सुई ओवता येते, आणि घरचे म्हणतात वा, काय नजर आहे! त्या 'घरचे' म्हणाल्या तेव्हा माझ्याकडं बघत होत्या. मी तरीही न राहवून विचारलं, की डोक्याचं काही? त्यांनी आईला दोन-चार प्रश्न विचारले. आईनं उत्तरं दिली आणि वर त्यांनाच विचारलं, की माझं दोन्ही डोळं चौदा एप्रिलच्या आत उघडतील का, मला निपाणीची मिरवणूक बघायची हाय. डॉक्टरीणबाई हसल्या. "एवढं पुढचं ठरवणाऱ्या माणसाच्या डोक्याची काळजी तुम्ही करू नका."

सुटल्यासारखं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी सुटकेबरोबर थोडा गर्व असतो, थोडी पुढची काळजी असते. इथं तसलं काहीच नव्हतं. दवाखान्याच्या बाहेर गाड्यावर आम्ही दोघींनी उसाचा रस घेतला, आलं-लिंबू घालून, आणि मला जाणवलं की गेल्या दीड महिन्यात मी चव घेऊन काही खाल्लंच नव्हतं. मी आणखी एक ग्लास मागितला. आई म्हणाली, "बास कर, घसा बसंल." तिनं मला घशाबद्दल बोलावं, याचाही मला आनंद झाला.

मार्चमध्ये एक डोळा झाला, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुसरा. पट्टी काढली तेव्हा तिनं आधी माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. "लई पांढरं झालंय की गं डोकं तुझं," म्हणाली. हातभर अंतरावरूनही दीड वर्ष मी तिला काळ्या केसांचीच दिसत होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मिरवणुकीला ती गेली, पहिल्या रांगेत उभी राहिली, आणि घरी येऊन कोणत्या गल्लीचा रथ कसा सजवला होता, ते झुरमुळ्यांच्या रंगासकट सांगत बसली. हळदीचा पंखही तोपर्यंत भरून आला. आता नीट बघितलं तर कळतं, नवा भाग किंचित फिकट आहे. आई म्हणते, ठिगळ हाय, पर बरं लावलंय. एक गंमत मात्र झाली. आता टँकजवळ बसायला तिला जवळचा चष्मा लागतो. तो ती सारखा कुठंतरी विसरते, आणि तिनं चष्मा विसरला की मी खूश होते, कारण चष्मा सगळेच विसरतात.

परवा निपाणीला जाऊन घर उघडलं, झाडलं, खिडक्या मोकळ्या केल्या. निघताना आईनं गाडी मुद्दाम स्टँडवरून घ्यायला लावली. फाटकाबाहेर गाडी थांबवून ती आतल्या बसच्या पाट्या एकेक करून ओळखत बसली. चिकोडी, त्या फेरीनंतर हे नावही तिनं चित्रासारखं पाठ केलं होतं. गडहिंग्लज. कोल्हापूर. "आनि ती तिकडं कडंला, बेळगावी." एवढं झाल्यावर म्हणाली, "चल आता." संध्याकाळी अनगोळला पोचलो. आई गॅलरीत उभी राहिली आणि मी तिच्याशेजारी. गल्लीच्या टोकाकडून कमलाक्का येत होत्या, हिरवं लुगडं, हातात पिशवी.

"कमलाक्का, चा प्यायला ये वर," आईनं हाक मारली.

वर्षभर जे विचारायची हिंमत झाली नव्हती, ते मी तेव्हा विचारलं. "मागच्या वर्षी तू यांना सुशीलामावशी म्हणून हाक मारली होतीस. आठवतं?"

"आठवतंय की."

"मावशी जाऊन तेव्हा चार वर्षं झालेली."

"मला न्हाय व्हय म्हाईत? तिच्या मातीला मी गेलतो. पानी पाजलं मी तिला."

"मग हाक का मारलीस?"

आई कठड्यावर हात ठेवून गल्लीकडं बघत होती. "लांबनं डिट्टो सुशीच दिसत हुती. तसंच डुलत चालनं, तसंच हिरवं लुगडं. ती न्हाय, हे म्हाईत हुतं. पर म्हटलं, दिसतीया तर हाक मारून तरी बघावी."

कमलाक्का आता दारापाशी आल्या होत्या. वर बघून त्यांनी हात हलवला. आईनंही हलवला.

"आता?" मी विचारलं.

"आता कमलाक्काच दिसती," ती म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.